यांचा गुडघा, सुन्याची पकड

शनि. ४ जाने. ९७

उद्यापासून सुरू. पाच रविवार, कबड्डीचे पाच सामने, तीन जिंकेल त्याची ढाल. यांची पांडेसऱ्याची मिल आणि माझ्या भावाची, सुन्याची, बमरोलीची मिल. दोन्ही शेठ चुलतभाऊ. एकमेकांच्या साड्यांना नावं ठेवण्यात जन्म चाललाय त्यांचा, आणि हातपाय मोडून घ्यायचे आमच्या माणसांनी.

यांची भरतीच खेळाडू म्हणून. अर्धी पाळी घडीखात्यात साड्यांच्या घड्या, बाकी वेळ मैदान. शेठनं परवा सगळ्यांना उभं करून सांगितलं, दोन वर्षं हरलात, यंदा हरलात तर टीम बंद, सगळे जिगरवर. जिगर म्हणजे रंगाचं मशीन. बारा तास उभं राहायचं, वाफेत. धडधाकट माणूस टेकीला येतो तिथे. यांचा उजवा गुडघा तर...

दिवाळीनंतर सरावात गेला तो. टीममध्ये कुणाला पत्ता नाही. दोन्ही गुडघ्यांना नीकॅप घालतात, दुखरा कुठला ते कळू नये म्हणून. चलथाणच्या हाडवैद्याकडे नेलं कुणी, तर सुन्यानंच, लुनावर मागे बसवून. म्हणजे अख्ख्या बमरोलीत एकट्या सुन्याला माहीत. आणि सुन्या खेळतो डाव्या कोपऱ्यात. चढाईला आलेल्याचा उजवा पाय बरोबर त्याच्यासमोर येतो. पाय धरून पाडणं हेच त्याचं काम.

रात्रीचा स्वयंपाक करवला नाही. खिचडी टाकली.

रवि. ५ जाने.

पांडेसरा जिंकलं! ३१–२७.

सामन्याआधी सुन्या आला, आमच्या मनीच्या पाया पडला (मामा ना, भाचीच्या पाया पडायचं), मग यांच्या. आमच्या खानदेशात दाजींच्या पाया पडल्याशिवाय पान हलत नाही. पण भर मैदानात? पब्लिक काय सोडते! "अरे, आत्ता पाया पडतोय, मग पाय ओढशील!" सगळे खो खो हसले. हे पण हसले. मला नाही आलं हसू.

सुन्यानं यांना दोनदा धरलं. दोन्ही वेळा डावा पाय. त्यासाठी आपली जागा सोडून वाकडा झाला, तरी डावाच धरला. बाकी कुणाला कळलं नाही. मला कळलं. भाऊ माझा गुणाचा आहे.

शेजारच्या कांताबेन भिंतीवर माझ्याजवळ बसल्या होत्या. "तारो वर के तारो भाई? तुं कोनी तरफ?" मी म्हटलं, ना नवऱ्याच्या, ना भावाच्या, मी गुडघ्याच्या बाजूनं. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

रवि. १२ जाने.

हरलो. बमरोलीच्या मैदानावर. हे पाच चढाया करून बसले ते उठलेच नाहीत. कदम मास्तर (यांचे कोच) ओरडत होते, "परभाकर, ऊठ ना बाबा!" यांनी खोकल्याचं सोंग काढलं. असं सोंग की मलाच क्षणभर खरं वाटलं.

घरी हळद-तुरटीचा लेप. पाय खाली सोडता येत नव्हता. मी म्हटलं, सांगून टाका मास्तरांना. तर म्हणे, "सांगू अन् उद्याच जिगरवर जाऊ? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मंगळ. १४ जाने.

उतरायण, इकडची संक्रांत. सगळी सोसायटी गच्चीवर. सुन्या सकाळीच आला, उंधियो घेऊन. हे दोघं पतंगात पोरं झाले. सुन्यानं यांचा पतंग कापला तर यांनी त्याला शिव्या घातल्या, मनापासून, प्रेमानं. हे बुलढाण्याकडचे. आम्ही भावंडं अहिराणीत बोलू लागलो की म्हणतात, "मायी उणीदुणी काढून राहिले का रे?"

जिना उतरताना सुन्या हळूच म्हणाला, "अक्का, दाजीले सांग ना, आते खेळू नका. बाकीनास्ले कळनं तं ते सोडाव नहीत."

त्याच्या टीमला कळलं तर उजव्या पायावरच तुटून पडतील, खरंच आहे. पण माझं ऐकतात होय ते? तूच सांग म्हटलं. तर म्हणे, मी कसं सांगू, मी समोरचा.

आज दोघांना हसताना बघून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

रवि. १९ जाने.

पुन्हा हरलो. २६–२५. एका गुणानं! बमरोली २, आपण १. अजून एक हरलं की संपलं.

मनी खाटेच्या पायाला धरून कबड्डी कबड्डी करत होती, तिला उगाच फटका दिला. मग मीच रडले. कसला मेला खेळ हा.

रवि. २६ जाने.

जिंकलो. २–२. पण काय जिंकलो.

शेवटची चढाई यांची. गुण सारखे. हे सुन्याच्या कोपऱ्यात शिरले, पाय लांबवला, आणि उजवा गुडघा मध्येच लटपटला. मी बाहेरून पाहिलं. पाय तिथेच, सुन्याच्या हाताच्या टप्प्यात. सुन्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. घेतलाच. हे त्याच्या खांद्याला हात लावून परत आले. शिट्टी. आपली पोरं नाचायला लागली. बमरोलीवाल्यांनी सुन्याला घेरलं, "बहिणीच्या घरचं खाल्लंस का रे?" एकानं कॉलर धरली.

हे नाचले नाहीत. सरळ घरी आले.

सोम. २७ जाने.

आज दुपारी हे फुटले.

"कीव केली त्यानं मायी. भर मैदानात भीक घातली. बारा वर्षं खेळतो मी, आजवर कुणाची गरज नाही लागली."

मी म्हटलं, तुमचा पाय वाचवला पोरानं, आणि तुम्ही त्यालाच...

"वाचवायचा असता तर मी वाचवला असता. माझा पाय आहे."

भांड्यांवर राग काढला मी. दोन कपांचे कान गेले. पण खरं सांगायचं तर मला यांचाही राग समजतो. सुन्याचाही हात समजतो. मलाच कुणी समजून घेत नाही.

गुरु. ३० जाने.

घरी आणलेल्या धागाकटिंगच्या साड्यांचा गठ्ठा तसाच पडलाय (सुटे धागे कापायचे, साडीमागे पैसे). हात लागत नाही कामाला.

सुन्या आला. यांनी बस म्हटलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "रविवारी माझा पाय आला तर धरायचा. जो येईल तो. सोडलास तर या घराचा उंबरा चढायचा नाही."

सुन्या पांढराफटक. "दाजी, मन्हाकडथून नही व्हवाव."

"मग खेळू नको. पण सोडून देणाऱ्याच्या हातून मला जिंकायचं नाही."

त्याच्या शेठनं त्याला वेगळंच सांगितलंय. रविवारी दाजी सुटला तर सोमवारी हजेरीच्या वहीत नाव दिसणार नाही. हे त्यानं मला बाहेर सांगितलं, चपला घालताना. यांना नाही.

शुक्र. ३१ जाने.

ठरवून मिलच्या गेटवर गेले. मास्तरांना सगळं सांगायचं, गुडघा गेलाय, यांना बसवा म्हणून. मास्तर आले, "काय वहिनी? काय काम काढलं?" मी म्हटलं, यांचा डबा राहिला होता. डबा यांच्यासोबत सकाळीच गेलेला. मास्तर बघतच राहिले.

परत आले. काय सांगणार होते मी? टीम बंद करा, माझा नवरा जिगरवर घाला, असं?

रवि. २ फेब्रु. (संध्याकाळी, दवाखान्यात बसून)

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

शेवटची चढाई. आपण एका गुणानं मागे. मध्यंतरात सगळ्या रेषांवर नव्यानं फक्की टाकली होती, चुन्याची, जाडच्या जाड. हे गेले. सुन्यानं धरलं. उजवा पाय. दाजींनी सांगितलं तसंच. "कट्" असा आवाज मला भिंतीवर ऐकू आला, कांताबेन म्हणतात भास आहे. हे पडले, तरी "कबड्डी कबड्डी" चालूच. दम सोडला नाही. पोटावर सरकत मध्यरेषेकडे हात लांबवला. रेषेला बोट लागलं तर सुटले, धरणारे सगळे बाद, आपण जिंकलो. नाही लागलं तर हरलो. वरून पाच-सहा जण पडले. त्याच वेळी पब्लिक दोरी तोडून आत घुसली, पंचाला धक्का बसला, तो खाली. शिट्टी कुणी वाजवली ते सुद्धा कळेना.

आपले म्हणतात लागला. ते म्हणतात नाही. दगड उचलण्यापर्यंत गेलं. सामन्यांच्या कमिटीनं निकाल थांबवला.

मी कुठलं काय बघते. रिक्षात यांचं डोकं मांडीवर. नळावर पदर भिजवून घेतला होता, त्यानं तोंड पुसलं, हात पुसले. एकेक बोट. लाल माती, नखात रक्त. तसेच कळवळत म्हणत होते, "लागला ना? सुमन, लागला ना हात?" मी हो हो म्हणत होते.

डॉक्टर म्हणतात लिगामेंट. खेळणं विसरा.

मग मास्तर धापा टाकत आले. "वहिनी, हात धुतले का यांचे? बोटांना फक्की होती का? कमिटीला दाखवायचं होतं." मी म्हटलं, बघितलं नाही हो मास्तर, पुसून टाकले. मास्तरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, जिंकलो तर टीम राहते, परभाकरला पोरांना शिकवायला ठेवून घेऊ, घडीखातं तसंच राहील. हरलो तर, असल्या पायानं जिगर...

बघितलं नाही, असं म्हटलं मी.

बघितलं होतं. दोन्ही हातांची बोटं. पांढरं कुठेच नव्हतं.

सोम. ३ फेब्रु.

घरी आणलं. पायाला प्लॅस्टर मांडीपर्यंत. कमिटी उद्या बसणार. पंच म्हणतो मला दिसलं नाही. मग ठरलं असं की पाय धरून खाली जो होता, ज्याचं तोंड रेषेकडे होतं, त्याला विचारायचं. म्हणजे सुन्याला. दोन्ही शेठना मान्य; आपल्याला वाटतं, तो यांचा मेहुणा आहे. बमरोलीचा शेठ निश्चिंत, रविवारी त्यानं दाजीचा पाय धरलाच, आपलाच माणूस आहे म्हणून.

दुपारी सुन्या आला. उंबऱ्याबाहेर उभा. आत येईना. यांनीच हाक मारली, "ये रे. धरलास ना? मग ये." सुन्या येऊन प्लॅस्टरवर डोकं टेकून रडला. मोठ्यानं. हे त्याच्या केसांतून हात फिरवत होते, "रडतो काय बायकांसारखा. काय पकड होती! मास्तर म्हणाले, अशी पकड वर्षात पाहिली नाही." मला तिथं थांबवेना.

मोरीपाशी आला माझ्यामागे. तोंड धुतलं. म्हणाला, "अक्का, मी सकाळी सांगसू, हात लागेल व्हता."

"लागला होता?"

नळ बंद करत राहिला. तो नळ बंदच होता.

"लागेल व्हता," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"सुन्या, तुला मिलमधून काढतील."

"काढू दे. मन्हा पाय धड शेत."

स्वतःचे पाय धड आहेत म्हणे. मला काय दिसलं होतं ते त्याला सांगितलं नाही. सांगितलं तर तो काय करील? तरी हेच सांगेल. आणि यांना सांगितलं तर? यांना कळलं की पुन्हा भीक घातली, तर हे प्लॅस्टर फोडून कमिटीसमोर जातील आणि हरलो म्हणून सांगतील. मग जिगर. या पायानं. आणि नाही सांगितलं तर भावाची भाकर गेली, एका खोट्यावर, आणि ते खोटं मला एकटीला माहीत.

दोघांसाठी जीव तुटतो. दोघांचाही राग येतो. असले कसले मानी लोक देवानं माझ्याच वाट्याला दिले!

सुन्या गेला. जाताना यांना सांगून गेला, काळजी करू नका दाजी, मी खरं तेच सांगणार.

हे केव्हाचे खुशीत आहेत. मनीला प्लॅस्टरवर पेनानं फूल काढू दिलं. आत्ता मला म्हणाले, "पाहिलंस? तुझा भाऊ आहे म्हणून नाही म्हणत, पण पोरगा खोटं बोलणारा नाही. मी म्हटलंच होतं, हात लागला होता."

मी साडी घेऊन धागे कापत बसले.

"काऊन वं, अशी गप्प काऊन? जिंकलो ना आपण?"

मी म्हटलं, चहा ठेवते.