तेवीस चादरींची वासलात

मी, गुरुसिद्धप्पा चनबसप्पा बिराजदार, वय वर्षे बहात्तर, धंदा योग शिकवणे, मूळ राहणार मंद्रूप, हल्ली राहणार पूर्व भाग, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. छातीत कफ आहे, पाय सुजले आहेत, परंतु डोके जागेवर आहे. आज सकाळी डॉक्टरांसमोर सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. हे मुद्दाम लिहितो, कारण माझे डोके फिरल्याची बातमी गावात सोडण्यात आली आहे. कोणी सोडली ते पुढे येईल.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. मूलबाळ नाही. पत्नी नागव्वा १९७१ साली वारली. खाली लिहिलेली मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. जागा गिरणी सोडताना मिळालेल्या फंडाच्या पैशातून घेतली, आणि पुढे घर चालले ते नागव्वा विकायची त्या कडक भाकऱ्यांवर. योगाची कमाई यात कशी नाही, ते कलम ३ मध्ये वाचावे.

कलम २. आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मला बसायची सवय आहे, त्रास होणार नाही. अंगावर नागव्वाने शिवलेली वाकळ घालावी. चादर घालू नये. कोणत्याही मंडळाची, कोणत्याही अध्यक्षांच्या हातची चादर घालू नये. दोनदा लिहितो, कारण अध्यक्ष अशा वेळी लगबगीने पुढे होतात.

कलम ३. माझ्या लोखंडी ट्रंकेत तेवीस सोलापुरी चादरी आहेत. त्यांची हकीकत अशी. चादरीचे कारखानदार हिंदुराव घोगरे यांनी १९५५ साली योग मंडळ काढले आणि मला शिकवायला बोलावले. कापसाच्या धुळीने धरलेली माझी छाती एका मठातल्या स्वामींनी प्राणायामाने मोकळी केली होती, तेवढेच माझे शिक्षण. गिरणी सोडून मी पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला वर्ग घेऊ लागलो. सतरा वर्षे घेतले. निम्म्या शहरातल्या वकील-व्यापाऱ्यांची पोटे मी आत घालवली. पगाराचा विषय निघाला की हिंदुराव हात जोडायचे. "गुरुजी, विद्येचा बाजार मांडायचा नसतो. तुम्ही आमचे गुरू." मग गुरुपौर्णिमेला एक चादर, एक नारळ आणि एक फोटो.

खोटे कशाला लिहू, मलाही ते गोड वाटायचे. फोटो छापून आला की मी तो नागव्वापुढे धरायचो. ती पीठ मळता मळता म्हणायची, "आता ही चादर परातीत घालून मळू काय?" मी तिला अडाणी म्हणालो आहे. त्याची लाज मला आज वाटते.

१९७१ साली तिच्या पोटात गाठ निघाली. मिरजेला न्यायचे होते. मी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहिला, दोन महिन्यांचा पगार मिळावा म्हणून, आणि गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमातच हिंदुरावांच्या हातात दिला. त्यांनी हिरव्या शाईचे पेन काढले, कागदावर "हार्दिक शुभेच्छांसह" असे लिहून झोकात सही केली आणि कागद मला परत दिला. पुढ्यात आलेला कागद वाचणे त्यांना कमीपणाचे वाटते. आठ दिवसांनी मी पुन्हा विचारले तेव्हा त्यांना कळले, आणि बाजाराचे तेच वाक्य मला पुन्हा ऐकावे लागले. नागव्वा पाच आठवड्यांत गेली. हिंदुराव मातीला आले, चादर घेऊन.

त्या चादरीची सुतळी मी सोडलेली नाही. पुढे मंडळ सोडले तरी हिंदुराव दर गुरुपौर्णिमेला माझ्या घरी येतात, कारण फोटो त्यांना लागतो. आलेल्या चादरी मी ट्रंकेत टाकत गेलो.

वासलात अशी करावी. माझी शोकसभा झाली, आणि ती ते घेणारच, तर बावीस चादरी सभागृहात सतरंजीऐवजी अंथराव्यात आणि कार्यकारिणीला त्यांवर बसवावे. डागी बाजू वर ठेवावी. प्रत्येक चादर डागी आहे, कुठे ताणा तुटलेला, कुठे काठाचा रंग फुटलेला. गिऱ्हाइकाने परत केलेला माल गुरूला चालतो. तेविसावी, सुतळीसकट, सर्वांसमक्ष हिंदुरावांच्या मांडीवर ठेवावी आणि वरील मजकूर मोठ्याने वाचावा. हे काम वकील गुरप्पा कोरे यांनी करावे. त्यांचा आवाज मीच घडवला आहे.

कलम ४. मंद्रूपचा माझा पुतण्या निंगप्पा याला माझे गजराचे घड्याळ द्यावे. त्याला उठायची सवय लागेल. मी आजारी असताना तो एकदा आला आणि ओसरीवर हिंदुरावांशी बोलत बसला. "आण्णाचं डोकं ठिकानावर न्हाय. जागेचं तुमी बगा, मला काय ते द्या." हिंदुराव म्हणाले, कोर्टात तसे शाबीत करता येईल, मंडळाला पूर्व भागात शाखा हवीच आहे. मी डोळे मिटून शवासनात होतो. शवासन दोघेही माझ्याकडेच शिकले. त्यात कान उघडे असतात, हे त्यांना माहीत असायला हवे होते. निंगप्पाने याउपर कशावरही हक्क सांगितल्यास तो रद्दबातल समजावा.

कलम ५. राहती जागा, दोन खोल्या, पुढचे अंगण व नळ यांसह, कमलम्मा नरसय्या गड्डम, धंदा बिड्या वळणे, हिला विश्वस्त म्हणून देतो. तिथे आज चालतो तोच बायकांचा वर्ग चालावा.

ही कमलम्मा समोरच्या चाळीत राहते. १९७२ साली मान आखडून माझ्याकडे आली. दिवसभर मांडीवर सूप घेऊन मान खाली घालणाऱ्या बाईचे दुसरे काय होणार? मी तिला आठ दिवस शिकवले. मान वळू लागली. शनिवारी तिने माझ्यापुढे दोन रुपये ठेवले. मी म्हणालो, विद्येचे पैसे मी घेत नाही. ती उठली नाही.

"आमचा हजार बिडीला रेट हाय," ती म्हणाली. "तुमचा रेट काय?"

सहासष्ट वर्षांचा माणूस मी, मला माझा दर माहीत नव्हता.

"रेट न्हाय म्हंता म्हून लोक फुकट नेतात की, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी ती चाळीतल्या सव्वीस बायका घेऊन आली. अंगणात बसून त्यांनी तेलुगूत तासभर भांडण केले आणि मग मला मराठीत निकाल सांगितला. बाईमागे आठवड्याला आठ आणे. कारखान्यात बिड्या तपासणाऱ्या चेकरने जिच्या बिड्या जास्त बाद केल्या, तिचे त्या आठवड्याचे बाकीच्यांनी भरायचे. आणि गुरुजी आजारी पडले तरी पैसे चालू. हे शेवटचे कलम मी मागितले नव्हते. त्यांच्यातली कोणी आजारी पडली की चूल कशी थंड होते ते त्यांना माहीत होते. या वर्षी मी तीन महिने अंथरुणावर आहे. एकही शनिवार चुकलेला नाही, वर आळीपाळीने आमटी येते. दर शनिवारी पैसे हातात घेताना मला नागव्वाची फार आठवण येते. तिच्या हयातीत ही बाई भेटली असती तर मिरजेची गाडी चुकली नसती.

जागेला अट एकच. पुढच्या शिक्षकाचा दर बायकांनी आधी ठरवावा, तो भिंतीवर ऑइलपेंटने लिहावा, आणि मगच पहिले आसन व्हावे.

कलम ६. माझी आसनांची वही भिंतीवरचा दर मान्य करणाऱ्या शिक्षकाला मिळावी. हिंदुराव ती छापायला मागत होते. त्यांना देऊ नये. त्यांच्या सभागृहाला माझे नाव देऊ नये.

कलम ७. साक्षीदारांविषयी. वकिलांनी सांगितले की साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नाही, मी शुद्धीवर असून त्याच्यासमोर सही केली एवढे त्याने पाहिले म्हणजे पुरते. मग त्याला पुढे कोर्टात मी भ्रमिष्ट होतो असे म्हणायला तोंड राहत नाही. हे मी आदल्या दिवशी लिहीत आहे. उद्या गुरुपौर्णिमा. एक गृहस्थ चोविसावी चादर घेऊन फोटोग्राफरसह येतील. मी त्यांना म्हणेन, एक कागद आहे, आपली सही लाभली तर बरे. वाचायला सांगेन. दोनदा सांगेन. वाचले तर कागद मी स्वतः फाडीन आणि हरलो म्हणेन.

सहीचा मोबदला म्हणून त्यांना त्यांनीच आणलेला नारळ परत द्यावा.

स्थळ: राहते घर, पूर्व भाग, सोलापूर
दिनांक: २० जुलै १९७८, गुरुपौर्णिमा

मृत्युपत्र करणाराची सही:
गुरुसिद्धप्पा चनबसप्पा बिराजदार

वरील सही आमच्यासमक्ष झाली. सही करणार पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार १:
डॉ. शिवप्पा हुलसुरे

साक्षीदार २ (हिरव्या शाईत):
हार्दिक शुभेच्छांसह,
हिंदुराव घोगरे, अध्यक्ष