मेजर घोरपडे सिव्हिलमध्ये जातात

३ मार्च १९५९
पेपरात जाहिरात. सरकारी गोदामांना डायरेक्टर हवा. म्हणजे मीच हवा. अट अशी की, लष्करातल्या अधिकाऱ्याने कर्नलची लेखी परवानगी घेऊन अर्ज करावा. त्या घुबडापुढे मी हात पसरू? अर्ज थेट टाकला.

८ मार्च
मेहुणा विद्याधर आला. सेक्रेटरिएटात फायली सरकवतो. म्हणे, भावोजी, स्वल्प थांबा, आधी परवानगी घ्या. नियम आहे. मी म्हटलं, खुर्ची झिजवणाऱ्यांनी लढलेल्या माणसाला नियम शिकवू नयेत. कौशल्याने त्याला पुन्हा उप्पिट वाढलं. मुद्दाम.

२ एप्रिल
अर्ज परत. 'योग्य मार्गाने पाठवावा.' कट आहे.

३ एप्रिल, सकाळ
दाढी करताना सुचलं. लष्करातच नसलो, तर परवानगी कुणाची? राजीनामा लिहिला. कौशल्या म्हणाली, विद्याधरला एकदा विचारा. निश्चय : बायकोच्या माहेरचं यापुढे काहीही ऐकायचं नाही.

१६ मे
राजीनामा मंजूर! इतक्या लवकर कुणाचाच होत नाही. कर्नलने दोन्ही हातांनी हात दाबला. ऑफिसात म्हैसूरपाक वाटला. उशिरा का होईना, माझी किंमत कळली त्याला.
नवा अर्ज पाठवला. वयाचा रकाना रिकामा. कर्तृत्वाला वय नसतं.

११ जून
मुलाखत. सात मिनिटं. अध्यक्षाने पहिल्यांदा वयच विचारलं. एकेचाळीस. अट पस्तीसची. लष्करातली वर्षं वयातून वजा होतात, पण सरकारने निवृत्त केलेल्यांची. आपणहून राजीनामा देणाऱ्यांची नाहीत. हे त्याने बिस्किट खात सांगितलं. मूर्ख. चार शब्द सुनावले, बाहेर येताना दार जोरात आपटलं. स्प्रिंगचं निघालं. आवाजच झाला नाही.

१२ जून
राजीनामा परत घ्यायला गेलो. म्हणजे लष्कराला एक संधी द्यायला. कर्नलने चाळीस मिनिटं बाहेर बसवलं. मंजूर झालेला परत मिळत नाही म्हणाला. माझ्या टेबलावर दुसराच बसलेला. बंगला महिनाअखेर सोडायचा. या देशात नियम करतात ते फक्त मला छळायला.

५ जुलै, गवीपुरम
विद्याधरची मागची खोली. त्याने माझ्यासाठी अर्ज लिहून आणला. गोदामात सुपरवायझर. सुरुवातच 'नम्र विनंती'ने. न वाचता सही केली.
त्याने मात्र वाचला. सहीखाली मी लिहिलेल्या 'मेजर'वर बोट ठेवलं. राजीनामा दिलेल्याला हुद्दा लावायचा तर वेगळी परवानगी लागते, भावोजी. फार हळू बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
कौशल्याने पेन पुढे केलं.
खोडलं.