वाक्य ‘मी’ने सुरू कर

२ जानेवारी
पोचले एकदाची! बडनेऱ्याहून पूर्ण एक दिवस गाडीत काढला, पण हावड्याला उतरल्यावर अंगात भलताच उत्साह आला. टॅक्सीत काच खाली करून थंडी खात बसले. फोर्ट विल्यमच्या बाजूचं मैदान धुक्यात बुडालेलं होतं, त्यातून क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे नुसते आवाज येत होते.

सरांचं घर गार्डन रीचला आहे, दुमजली. माझ्या खोलीतून नदीचा तुकडा दिसतो. डॉ. श्यामसुंदर टिपणीस दहा वर्षं इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ होते, तिथल्या निवड-मुलाखतींच्या पॅनेलवरही बसले आहेत. त्यांच्या पत्नी शकुनकाकू रेल्वेत मोठ्या अधिकारी होत्या. शेवटची बदली इथली, म्हणून निवृत्तीनंतर दोघं इथेच राहिले. सर एका वेळी एकच विद्यार्थी घेतात आणि घरीच ठेवून घेतात.

इंग्लंडमधल्या डॉक्टरकीच्या जागेसाठी माझी मुलाखत ३० तारखेला, ऑनलाइन. गेल्या वर्षी तीन गुणांनी गेली. बाकी सगळं उत्तम होतं, पण नातेवाइकांशी बोलण्याच्या भागात शेरा आला की उमेदवार कोरडी वाटते. बाबांनी स्पष्ट सांगितलंय, हा शेवटचा प्रयत्न.

जेवणात कोबीची भाजी आणि खजुराच्या गुळाचा संदेश. चार खाल्ले.

३ जानेवारी
पहिला सराव, विषय ‘वाईट बातमी सांगणे’. सर म्हणाले, काकू समोर बसतील. त्यांचा मुलगा अजेय डेंग्यूने दाखल होता, पहाटे गेला, ते तू सांगायचंस. मराठीतच सांग. भाषा कुठलीही असो, पायऱ्या त्याच. खुर्ची जवळ घ्यायची, त्यांना काय माहीत आहे ते विचारायचं, बातमी चांगली नाही असं आधी सुचवायचं, मग सरळ शब्द, मग गप्प राहायचं. कपाटावरचा छोटा कॅमेरा सगळं टिपत असतो.

काकूंनी कमाल केली. आधी हसल्या, मग माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. ‘त्याला स्वेटर दिला होता का कुणी?’ एवढंच विचारलं आणि तोंडातून असा आवाज काढला की माझी पुढची वाक्यं पळाली. दहापैकी चार गुण.

नंतर मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही नाटकात कामं करत होता का? त्या गोड हसल्या आणि माझं नाव विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

५ जानेवारी
ते नाटक नाही.

आजही तेच हसणं, तेच मनगट, तोच स्वेटर. संध्याकाळी मी सरांना सरळ विचारलं. त्यांनी चहा ढवळत सांगितलं की काकूंना पाच वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. अजेय खराच गेलाय, सात वर्षांपूर्वी, डेंग्यूनेच. म्हणाले, तासाभरात त्या सगळं विसरतात, मग नुकसान कुणाचं? भाड्याच्या नटांकडून मी खोटं रडणं शिकले असते, इथे खरं शिकतेय.

मी म्हटलं, मला जमणार नाही. ते म्हणाले, दुपारची गाडी आहे, तिकीट मी काढून देतो.

मी गेले नाही.

९ जानेवारी
सात गुण. सराव अकराला असतो. दहाला सर काकूंना अजेयचे फोटो दाखवतात. पलीकडच्या काठाला तो इंजिनिअरिंग शिकायचा, शनिवारी लाँचने घाटावर उतरायचा, ते सगळं बोलतात. काकू खुलतात. मग मला हाक येते. आधी माया जागी झाली की धक्का खरा बसतो, असं सर म्हणतात.

दुसरा धडा: ‘आम्ही’, ‘झालं’, ‘राहून गेलं’ असलं बोलायचं नाही. वाक्य ‘मी’ने सुरू कर. पॅनेलला जबाबदार माणूस हवा असतो.

१२ जानेवारी
आठ गुण. आज काकू रडत असताना मी घड्याळ पाहिलं. नऊ सेकंद शांतता झाली होती, दहा हवी. मी दहावं मोजलं.

रात्री झोपही छान लागली. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

१४ जानेवारी
काकू मला ओळखत नाहीत, पण त्यांचं अंग ओळखतं. माझ्या चपला वाजल्या की त्या खुर्चीचा हात घट्ट धरतात. आज संक्रांत म्हणून तिळगूळ द्यायला गेले तर तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे सरकल्या. हळूच विचारलं, ‘आज कोण गेलं?’

वडी हातातच मऊ झाली.

१५ जानेवारी
सर बँकेत गेले होते. काकू जेवत नव्हत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, काकू, अजेय येतोय. लाँचने. घाटावर उतरेल.

त्या पोळी-भाजी पूर्ण जेवल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला.

१७ जानेवारी
आजही सांगितलं. त्या त्याच्यासाठी काय काय करायचं ते सांगत बसल्या, साबुदाण्याची खिचडी, दाण्याची चटणी. अकराला मी त्याला मारते आणि चारला परत आणते. निदान दिवस चांगला संपतो.

एक मात्र आहे. मेल्याची बातमी त्या विसरतात. ही विसरत नाहीत. संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, लाँच उशिरा येतेय वाटतं.

२० जानेवारी
काकू नारायणपेठ नेसून जाळीच्या दारापाशी बसल्या होत्या. दाराला कायम कुलूप असतं, किल्ली सरांच्या जानव्याला. सरांनी मला विचारलं, ही कुणाची वाट बघतेय? मी म्हटलं, माहीत नाही.

ते जिन्यात उभे राहून बराच वेळ काकूंकडे बघत होते. सराव झाला नाही. आज नको, म्हणाले. थकल्यासारखे वाटले.

२१ जानेवारी
मंगळवारी सर बजबजच्या दवाखान्यात जातात. नऊला निघाले. मी वर कानाला हेडफोन लावून प्रश्नसंच सोडवत होते. साडेदहाला खाली आले तर खुर्ची रिकामी. जाळीचं दार उघडं होतं. कुलूप कडीला लटकत होतं आणि किल्ली कुलपातच होती.

घाटावर धावले. फळीवर एक चप्पल. लाँचवाले वाकून पाण्यात बघत होते.

दुपारी एकला त्यांना बाहेर काढलं. साडीत चिखल भरला होता.

सर तीनला आले. त्यांना मीच सांगितलं. खुर्ची जवळ घेतली नाही, काही नाही, दारातच सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘तू आधी सुचवलं नाहीस. पुन्हा सांग.’

२४ जानेवारी
काकूंचे दिवसही झाले नाहीत अजून, पण अकराला हाक आली. सर काकूंच्या खुर्चीत बसले होते. कॅमेरा चालू. काकू गेल्या, हे मी त्यांना सांगितलं. ते खरंच रडले, हुंदके देऊन. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, सहा.

मी कबूल केलं. अजेय येतोय असं मी सांगत होते. त्यांनी मान हलवली. पंधरा तारखेच्या संध्याकाळीच चित्रण पाहिलं होतं त्यांनी. तरी मला थांबवलं नव्हतं.

मग मी कुलपाचं विचारलं. किल्ली तुमच्याकडे असते ना?

‘पाणी पी,’ म्हणाले. ‘आणि पहिल्यापासून सांग.’

२५ जानेवारी
सात वेळा. आता ते फक्त एकच वाक्य धरून बसलेत. ‘कुलूप उघडं होतं’ असं मी म्हटलं की हात वर करतात. पॅनेलला पळवाट दिसते, म्हणतात. वाक्य ‘मी’ने सुरू कर.

मी म्हटलं, मग काय म्हणू?

ते म्हणाले, तुला माहीत आहे.

२६ जानेवारी
‘मी कुलूप तपासलं नाही.’ आठ गुण. हे खरं आहे. तपासलं नव्हतं.

निघून जावंसं वाटतं. पण काकूंचा हात केसांवर — त्यांना घाटावर मीच पाठवलं. हे कुणाला सांगू? यांच्याशिवाय कुणाला माहीत आहे?

२७ जानेवारी
‘मी कुलूप उघडं ठेवलं.’ नऊ.

मी म्हटलं, सर, हे खरं नाही. ते रडायला लागले. चाळीस वर्षांचा संसार होता, म्हणाले. एवढं तरी नीट सांग मला.

सांगितलं. इंग्रजीतही. पाठ झालंय.

२८ जानेवारी
‘मी किल्ली घेतली. मी कुलूप उघडलं.’

दहा.

पहिल्यांदाच दहा. मला आनंद झाला. एक क्षणभर, पण झाला —

संध्याकाळी आधीचं सगळं चित्रण त्यांनी पुसलं. तेवढं शेवटचं ठेवलंय.

२९ जानेवारी
खाली पोलीस जबाब घ्यायला आलेत. अधिकारी हिंदीत बोलतोय, सर चहा देताहेत. मघाशी वर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. मराठीत, हळू आवाजात म्हणाले, आज यांच्यासमोर, उद्या पॅनेलसमोर. तेच सांग. तेवढ्याच शांतपणे.

मी खरं सांगणार आहे. किल्ली कुलपात होती. मी वर होते. हेडफोन होते. मी वर —

पण मागची पानं उघडायला भीती वाटते. तिथे काय लिहिलंय? मी तेव्हा खरं लिहिलं होतं का? कारण किल्ली मला दिसते. माझ्या हातात. लहान, पितळेची, दोऱ्यासकट. त्यांच्या अंगाची ऊब होती तिला. हे मला कसं माहीत? हात न लावता कसं —

हाक आली.

खुर्ची ओढल्याचा आवाज. अधिकारी विचारतोय, ताला किसने खोला. मी जिन्यात आहे, उभ्यानेच लिहितेय. सर वर बघताहेत. मान हलवताहेत, हळूच, सरावात हलवतात तशी.

मी