पट्टा तुझ्या दंडाला होता

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तू जाऊन वीस वर्षं झाली, बाबाही तुझ्यामागे तीन वर्षं राहून गेले, आणि परवा माळ्यावर ते रक्तदाबाचं मशीन वहीसकट सापडलं, तेव्हा मी एकटीच उभी राहून तुला बोलत सुटले. मशीन म्हापशाहून मीच आणलं होतं. बाबांना कॅन्सरची इंजेक्शनं सुरू झाली होती आणि डॉक्टरने सांगितलं होतं, रोज सकाळी रक्तदाब घ्या, लिहून ठेवा. तू पेन्सिलीने कोरून लिहायचीस. रविवारी आमोण्याला घरी आले की मी आधी वही बघायची, मग तुझ्याकडे. कधी कधी तुझ्याकडे बघायचं राहूनच जायचं.

इंजेक्शनच्या आदल्या दिवशी आकडा चढायचा. "घाबरतात ते," असं म्हणून डॉक्टरने बाबांची रक्तदाबाची गोळी वाढवली. हॉस्पिटलात मोजला तरी चढलेलाच असायचा, त्यामुळे वहीवर कोणाला संशय आला नाही.

घराची तर लोकांनी धर्मशाळा केली होती. कारापूरची आत्या यायची, केळी ठेवायची आणि विचारायची, "दादाक झोप लागता मां? काय जेवता?" बाबांना चव लागत नव्हती म्हणून तूही अळणी पेज जेवायचीस, ते जागे म्हणून तूही जागी. "वयनी किती करता गो," म्हणत आत्या चहाचा कप रिकामा करून तुझ्याच हातात द्यायची. कसलं डोंबलाचं कौतुक! हक्काची राबणारी बाई मिळाली होती सगळ्यांना. मलाही.

मग तो मंगळवार. मी शिकवत होते त्या शाळेला सुट्टी मिळाली म्हणून मी न कळवता सकाळच्या बसने आले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. तू खुर्चीवर, आणि पट्टा तुझ्या दंडाला. मशीन घरघरतंय, तू पेन्सिल धरून वाट बघतेस. मी विचारलं, हे काय?

"तेंचे हात सुयांनी काळेनिळे झालेत गो. पट्टो आवळलो की कळवळतत. माज्या हाताक लावलंय तर काय झाला? पयल्यांदा दोघांचो घेवन बघितलंय. एकच येता."

महिनाभर हे चाललं होतं. घाबरत होतीस तू, आणि गोळी वाढली बाबांची. मी तोंड सोडलं. अक्कल गहाण टाकलीस का, त्यांना काही झालं असतं तर, अशी वर्गातल्या पोरांना झापावं तशी झापली तुला. "बरां. उद्यापासून तेंकाच लावतंय," म्हणालीस आणि चहा ठेवायला उठलीस. जाताना भिंतीला हात लावलास.

पंधरा दिवसांनी चुलीपाशीच कोसळलीस. डोक्यात रक्तस्राव. आता डॉक्टर सांगतात, आजाऱ्यापाशी बसणाऱ्याचं शरीरही त्याच्याबरोबर घाबरतं, त्याचाही रक्तदाब चढतो, झोप उडते. तुला हे तेव्हाच दिसत होतं. मग 'माझंही बघा' एवढं म्हणायला काय जात होतं तुझं? इतकी वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले, की आईने लपवलं.

हे पत्र मी त्याच वहीत ठेवणार आहे, मंगळवारच्या पानात. लपवलं नव्हतंस तू. त्या दिवशी तू एकशे चौऱ्याण्णव लिहिलं होतंस. मी बाबांच्या दंडाला पट्टा बांधला, तर त्यांचा एकशे छत्तीस. वाढवलेल्या गोळीने त्यांचा उतरला होता. मग मी तुझा आकडा खोडरबराने नीट पुसला, आणि वही चुकीची राहू नये म्हणून तिथे त्यांचा लिहिला.