पेढ्यांमुळे अडकलेली प्रभागाची हरकत

प्रति,
मा. प्रमुख, निवडणूक विभाग,
राटहाऊस (नगर कार्यालय),
लिंडेनफुर्ट आम माइन.

विषय : प्रभागांच्या नव्या हद्दींवरील आमची हरकत पेढ्यांच्या कारणावरून बाजूला न ठेवणेबाबत.
संदर्भ : आपले दि. २२ ऑगस्ट २००५ चे पत्र.

महोदय,

अर्जदार शशिकांत खांबेटे, मूळ राहणार डोंबिवली, हल्ली आणि बरीच वर्षे मुक्काम जोनेनवेग, लिंडेनफुर्ट, हा सविनय कळवितो की, त्याला मनातले सगळे मराठीतच नीट मांडता येत असल्याने मूळ अर्ज मराठीत आहे. जर्मन भाषांतर कन्या स्वराली हिने केले आहे. "पापा, नाइन, नको, असं ऑफिसला लिहीत नाहीत," असे तिचे मत पडले. तरी रागाची वाक्ये गाळू नयेत अशी तिला ताकीद दिलेली आहे. काही गळली असल्यास अर्जदार ती समक्ष येऊन सांगेल.

१. पुढच्या मार्चमधील निवडणुकीसाठी शहराचे प्रभाग नव्याने आखले जात असून 'सर्व रहिवाशांनी' हरकती व सूचना द्याव्यात, अशी नोटीस जूनमध्ये लागली. लागली ती राटहाऊसच्या आत, काचेच्या पेटीत, फक्त जर्मनमध्ये. सुनावणी ठेवली मंगळवारी सकाळी. त्या वेळी आमच्या वसाहतीतली निम्मी माणसे मोटार कारखान्यात पाळीवर असतात आणि उरलेली रात्रपाळी करून घोरत असतात. लोकांचे मत अशा बेताने मागवायचे की लोकांना पत्ताच लागू नये, ही कला फक्त भारतातच आहे असा अर्जदाराचा समज होता. तो दूर झाला.

२. आता नकाशा. सदर हद्दीची रेषा स्टेशनपासून निघते, बेकरी, चर्च आणि बंगल्यांच्या बागा सांभाळत शहाण्यासारखी सरळ येते. आमच्या अंगणात शिरल्यावर मात्र तिला काय होते कोण जाणे! दोनदा वळते आणि एका वसाहतीचे तीन तुकडे करते. परिणामी तुर्की, मोरोक्कन आणि भारतीय घरे तीन वेगळ्या प्रभागांत वाटली जातात. दारावरच्या घंट्यांवरची नावे वाचून रेषा वळली की काय, असे शेजारी विचारतात. कोणी मुद्दाम केले असे अर्जदार म्हणत नाही. मुद्दाम केले असते तर नकाशा वेगळा कसा दिसला असता, एवढे मात्र आपण समजावून सांगावे.

३. अर्जदाराचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे त्याला इथे मत नाही. पण शेजारच्या गुल्सेन आयडिन जर्मन नागरिक झाल्या आहेत आणि प्रभाग समितीसाठी उभ्या राहणार आहेत. वसाहतीतले मतदार एका प्रभागात राहिले तर त्या येतील, तीन जागी फुटले तर कुठेच नाही. निवडून आल्यावर त्या एकच गोष्ट मागणार आहेत: समोरच्या मोठ्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल. जुन्या समितीने 'तिथून फारसे कोणी ओलांडत नाही' म्हणून तो नाकारला. अहो, ओलांडता येत नाही म्हणून ओलांडत नाहीत! अर्जदाराच्या पत्नी सौ. सुधा यांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. एप्रिलमध्ये त्या रस्त्याच्या मधोमध अडकल्या आणि दोन्ही बाजूंनी ट्रक जात राहिले. तेव्हापासून त्या एकट्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. डोंबिवलीत भाजीवाल्याशी घासाघीस करायला मुद्दाम लांबच्या बाजारात जाणारी ही बाई आता दिवसभर खिडकीत बसते. अर्जदाराला ते बघवत नाही. नव्या नकाशात तर हा रस्ता प्रभागांच्या सीमेवरच येतो, म्हणजे त्याला वालीच उरणार नाही.

४. पेढ्यांबाबत खुलासा. वसाहतीच्या सह्या घेऊन अर्जदार आपल्याकडे आला, त्याच आठवड्यात स्वराली आबिटुअरची, म्हणजे आमच्याकडच्या बारावीची, परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली होती. आमच्यात मुलगी पास झाली की भेटेल त्याच्या हातावर पेढा ठेवतात. पोस्टमनला दिला, दाताच्या डॉक्टरांनाही दिला. (त्यांनी खाल्ला.) आपणही भेटलात. टेबलावर दुसरीकडे जागा नव्हती म्हणून डबा हरकतीच्या कागदांवर ठेवला गेला, आणि तिथेच घोटाळा झाला. आपण डबा 'भेटवस्तू' म्हणून सीलबंद केलात, वर पावती दिलीत, आणि चौकशी पुरी होईपर्यंत हरकत विचारात घेता येणार नाही असे कळविलेत. चौकशी पुरी होण्याआधी नकाशा मंजूर होऊन बसेल. लाचच द्यायची असती तर साखर कमी पडलेले पेढे कोणी आणले असते का, याचाही कृपया विचार व्हावा.

५. सबब विनंती की, हरकतीतून अर्जदाराचे नाव खोडावे, पण हरकत खोडू नये. बाकीच्या रहिवाशांचा पेढ्यांशी काही संबंध नाही. "अहो, आपण परक्या मुलखातली माणसं, त्यांच्या नकाशात कशाला बोट घालता," असे म्हणत सौ. सुधा यांनी इतके दिवस सही केली नव्हती. आपले पत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतः पेन मागून घेतले आणि अर्जदाराच्या जागी सही केली. पेढे त्यांनीच वळले होते, ही बाब अर्जदार लपवू इच्छित नाही. त्याबद्दल त्यांची चौकशी खुशाल करावी. फक्त त्यासाठी आपण घरी यावे. राटहाऊसची बस त्याच रस्त्याच्या पलीकडून सुटते.

आपला, अजून तरी एकाच प्रभागातला रहिवासी,
(सही)
शशिकांत खांबेटे
दि. २९ ऑगस्ट २००५

सोबत : जर्मन भाषांतर, नकाशाची नक्कल, सुधारित सह्या.