बाबांच्या चेहऱ्याची परवानगी

पॅरिस, ४ मार्च १८६७

तीर्थरूप बाबांना,
झेलीचा सा. न. वि. वि.

खोकला कमी झाला का? ओनोरीनबाईंच्या हातचं सूप निमूट पिता ना? आता कबूल करते, मी इथे मुलींना चित्रकला शिकवत नाही. एका साप्ताहिकासाठी छापायच्या दगडावर व्यंगचित्रं काढते. चामड्याच्या कारखान्यांविरुद्ध तुम्ही आवाज उठवल्यापासून संपादकांना तुमचंच चित्र हवंय. ज्याचं चित्र, त्याची लेखी परवानगी असल्याशिवाय सरकार छापू देत नाही. द्याल?

रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची झेली

रुआँ, ९ मार्च

चि. झेलीस अनेक आशीर्वाद.

तीन वर्षं थापा मारल्यास, आणि आता बापाचं थोबाड मागतेस? मी नाडी बघताना रोगी फिदीफिदी हसले म्हणजे? कारखानदार तर टपलेलेच आहेत. परवानगी मिळणार नाही. खोकला बरा आहे. वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद मात्र आहेतच.
बाबा

पॅरिस, १३ मार्च

ती. बाबांना सा. न.

थापांबद्दल कान धरते, चित्राबद्दल नाही. संपादक म्हणाले, सोडून दे, दुसरं कुणी शोधू. मी साफ नाही म्हटलं. कारखान्यांनी नासवलेलं नदीचं ते घाण पाणी पिऊन गेल्या उन्हाळ्यात अकरा पोरं गेली. तुमची सात निवेदनं कुणी वाचली? चित्राला अक्षरओळख लागत नाही. सोबत नमुना पाठवलाय. तुम्हाला देखणं केलेलं नाही. नाहीच पटलं, तर दगड घासून कोरा करीन.

लेकीवर लोभ असावा, हट्टासकट.
झेली

रुआँ, १८ मार्च

चि. झेलीस अ. उ. आ.

एवढंसं धड, त्यावर भलंमोठं डोकं, आणि हातातला गढूळ पाण्याचा पेला थेट बघणाऱ्याच्या तोंडाशी धरलेला! मी चिडून कागद टेबलावर आपटला. ओनोरीनबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी तो उचलला. माझं डोकं बघून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग पेल्याकडे लक्ष गेलं आणि हसू मावळलं. त्यांचा नातू ज्यूल त्या अकरांतला. आजवर त्यांनी घरात त्याचं नावही काढलं नव्हतं. डोळे पुसून मला म्हणाल्या, डॉक्टर, सही करा.

केली. परवानगी सोबत आहे. अंक आला की चित्र दवाखान्याच्या दारावर लावायचं, असं बाईंनी ठरवलंय. मला विचारलंसुद्धा नाही. खिळे आणून ठेवलेत.

तुझ्यावर जीव आहे, रागातही होता.
बाबा