कूलरचा प्लग काढला आहे

नागसेन,

कूलर बंद दिसला म्हणून बोंबलू नको, मीच केला. त्याचा प्लग काढून तिथं समोरच्या दादाजीच्या ऑक्सिजन मशीनचा लावला आहे. वायर खिडकीतून गेली आहे. खिडकी लावू नको अन् प्लगले हात लावू नको.

कालच्या वादळात झाड तारेवर पडलं, साऱ्या गल्लीची लाईन गेली. तू लोकायले सांगितलं, कंप्लेंट केली, लाईनमन येऊन राहिला. आला ना! तुह्या ओळखीचा, आपल्याच घराची तार दुसऱ्या खांबावर जोडून चालला गेला. साऱ्या गल्लीत एकटा आपला कूलर भणभणून राहिला. मशीन बंद पडली म्हणून दादाजी सिलिंडरवर होते, दुपारी तेही संपलं. त्यायची सून पदरानं वारा घालत होती, तिनं मले एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी त्यायच्याकडेच आहो. वरण-भात झाकून ठेवला आहे. गरम होत असन तर अंगणात खाट टाक. आपल्या घरी मीटर नव्हतं तवा तुह्यी बारावी याच दादाजीच्या बल्बखाली झाली. त्यायनं कधी म्हटलं नाही, पोरा, आता बत्ती बंद कर.

आई